पडलेल्या माणसाला वळसा

शिट्टी खुंटीवरून काढून जीवनलाल घाईनं अंगणात उतरला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपण पोरीला ओलांडून आलो. प्रेमिला झोपेत लोळत लोळत चटई सोडून थेट दारात आली होती. आईचं जुनं लुगडं अंगाभोवती गुंडाळून, गुडघे पोटाशी घेऊन उंबऱ्याला आडवी पडली होती. सहा वर्षांची पोर, तिला ओलांडायला मोठं पाऊलही टाकावं लागलं नव्हतं. त्याची बायको शामकला अंगणात सडा टाकत होती. तिचा हात बादलीतच राहिला. झोपलेल्या लेकराला ओलांडलं तर त्याची वाढ खुंटते, आणि चुकून ओलांडलंच तर त्याच पावली उलटं ओलांडून ते उतरवायचं असतं, हे तिच्या माहेरी आणि त्याच्या घरी कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. ते सगळ्यांना येतच होतं. "उलटं जा ना," ती म्हणाली. दोन पावलांचं काम. पण जीवनलाल नगरपालिकेच्या शाळेत आरोग्याचा धडा शिकवत होता, हिवताप डासांनी येतो हे दरवर्षी फळ्यावर लिहीत होता, आणि शिवाय त्याला उशीर झाला होता. "काही होत नाही," तो म्हणाला आणि फाटक लोटून निघाला. चार घरं पुढे गेल्यावर तेच शब्द त्याला पुन्हा ऐकू आले. काही होत नाही. हे शब्द आपण याआधी, अगदी याच आवाजात, कधीतरी म्हटले आहेत असं त्याला वाटलं, आणि कधी ते आठवू नये म्हणून तो भराभर चालायला लागला.

विचार करायला दुसरं पुष्कळ होतं. आज संध्याकाळी मुन्नालाल सेठना उत्तर द्यायचं होतं: नागपूरच्या स्पर्धेआधी बकारामला संघात ठेवायचं की काढायचं. गोंदियात बास्केटबॉल खेळणारे संघ दोन, त्यातला एक रेल्वेचा, आणि दुसरा हा, सेठच्या राइस मिलच्या आवारातला, जीवनलालनं आठ वर्षांपूर्वी चार पोरांना घेऊन उभा केलेला. मैदान मिलचं, मुरूम मिलचा, नागझिऱ्याकडून आणलेले सागाचे दोन खांब मिलचे, चेंडूही मिलचाच. जीवनलालची फक्त शिट्टी. सेठ कधी खेळात तोंड घालत नसत, पण परवा भंडाऱ्याला संघ एका गुणानं हरला, तेव्हा त्यांनी त्याला कचेरीत बोलावून चहा पाजला होता आणि फार गोड आवाजात म्हणाले होते, "महँगा लाऊँ या सस्ता रखूँ, आप बोलो मास्टरजी. खेल आप समझते हो. मगर इस बार नागपुर से खाली हाथ लौटे, तो मैदान पर मेरा धान सूखेगा." उकडलेलं धान वाळवायला मिलला जागा कमीच पडत होती. सेठ खोटं बोलत नव्हते, धमकीही देत नव्हते. जे होणार ते सांगत होते, आणि म्हणूनच जीवनलालला तो चहा दोन दिवस पचला नव्हता.

सस्ता म्हणजे बकाराम. अर्जुनी मोरगावकडचा, कुणब्याचा पोरगा, घरी चार भावांत वाटून घ्यायला पुरेशी धानाची बांधीही नाही म्हणून मिलमध्ये पोती उचलायला आलेला. तीन वर्षांपूर्वी जीवनलाल सेठकडे चेंडूची पिशवी मागायला गेला होता, तेव्हा थप्पीच्या सातव्या थरावर शिडी न लावता पोतं ठेवणारा एक माणूस त्याला दिसला. तो नुसता उभा राहिला. असं एखादं झाड मैदानात रिंगखाली उभं राहिलं तर, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. सहा फूट चार इंच. बकाराम संघात आला तो कसली बोली न करता आला. दोन वेळचा भात, सकाळी अर्धा शेर दूध, आणि जोडे. त्याच्या मापाचे कापडी जोडे नागपुरातसुद्धा मिळाले नाहीत, तेव्हा बाजारातल्या मोच्याकडून सायकलच्या टायरचा तळवा लावून शिवून घेतले. ते घालून तो पहिल्यांदा मैदानात आला तेव्हा जोडे ओले होतील म्हणून दवाच्या गवतावरून चालत नव्हता. खेळाडू म्हणून सेठनी त्याला पोत्यांवरून काढून फाटकाजवळच्या वजनकाट्यावर बसवलं. त्याचा डावा गुडघा त्याआधीच गेला होता, पोत्यांनीच. म्हणजे आज संघातून काढलं तर तो काट्यावर राहणार नव्हता. परत पोत्यांखाली जाणार होता, आणि या गुडघ्यानं किती दिवस, हे मिलमधल्या कुणालाही विचारायची गरज नव्हती. उत्तर खेळाचं द्यायचं होतं. पण खेळाचं म्हणून द्यावं तर त्याच्या मागून हा गुडघा लंगडत येत होता.

सकाळच्या सरावात तसंही कुणाचं चित्त नव्हतं. बकाराम सकाळी काट्यावर असे, तो नव्हता. बाकीचे थंडीत तळहात काखेत दाबून उभे. कप्तान डोमनलाल, जीवनलालच्याच जातीचा, पवारांचा, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, त्यानं त्याला बाजूला घेऊन पुन्हा तेच ऐकवलं. बकाराम चेंडू पकडतो तो पोतं कवटाळल्यासारखा; रिंगखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही हे त्याला तीन वर्षांत मोजता आलं नाही; मोकळी फेक मिळाली तर चेंडू फळीच्या मागे जातो; धान कापणीला आठ दिवस गावी पळतो. सगळं खरं होतं. जीवनलालनं हे सगळं स्वतःच्या वहीत डोमनलालच्या आधी लिहिलं होतं. पण त्याच वहीत हेही होतं, की बकाराम रिंगखाली असला की उडालेला चेंडू परक्याच्या हाताला लागत नाही. की तो नुसता हात वर करून उभा राहिला तरी समोरचे लांबून फेकायला लागतात आणि चुकतात. की तो मागे आहे एवढ्या भरवशावर हाच डोमनलाल पुढे मोकाट धावतो आणि टाळ्या घेतो. दोन बाजू लिहून काढल्या की बरोबरीच्या होत. मग शेवटी वजन पडे ते परवाच्या एकाच गोष्टीचं, आणि ती आठवली की जीवनलालचे कान आताही तापत.

भंडाऱ्याला शेवटचं मिनिट चाललं होतं, बरोबरीचा डाव. डोमनलालनं फेकलेला चेंडू रिंगवर आदळून उडाला, आणि बकारामनं वरच्या वर झेलला. त्याच्या आणि रिंगच्या मध्ये भंडाऱ्याचा एक पोरगा पाय घसरून उताणा पडला होता. एक पाऊल. त्या पोरावरून एक लांब टांग टाकायची आणि हात वर करायचा, चेंडू आपोआप जाळीत. पंचानं शिट्टी मारली नव्हती. बकाराम थांबला. चेंडू छातीशी धरून तो त्या पोराच्या पायांकडून वळसा घालून जायला लागला, जसा कुणी पूजेच्या मांडणीला वळसा घालतो, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या हातातल्या चेंडूवर थाप मारली, चेंडू सुटला, पलीकडे गेला. तिकडे आपल्याच कुणाचा फाउल झाला, त्यांना मोकळी फेक मिळाली, एक गुण. परतीच्या गाडीत जीवनलालनंच विचारलं, सगळ्यांसमोर, लागेल असंच. बकाराम बाकावर मावत नव्हता म्हणून दाराशी खाली बसला होता. "पडला होता ना जी तो," तो म्हणाला. "पडलेल्या मानसाले कसा ओलांडू?" मग पोरं हसली, आणि त्याला वाटलं की ती समजून घेण्यासाठीच हसताहेत, म्हणून त्यानं आणखी सांगितलं. त्याच्या आधीची दोन लेकरं गेली होती. एका खोलीत नऊ माणसं निजत. "माही माय मले भिताडापाशी निजवे अन् सोता आडवी होये. मले कोनीच ओलांडलं नाही जी, म्हनून त एवढा झालो." डोमनलालनं डोक्याला हात लावला. जीवनलाल मात्र हसला नाही. त्याला इतका राग आला की त्यानं खिडकीकडे तोंड केलं आणि तिरोड्यापर्यंत तो बाहेरच बघत राहिला. खेळ हरल्याचा राग असा नसतो. आठ वर्षांत संघ पुष्कळदा हरला होता, पण त्यानं आपल्या खेळाडूकडे अशी पाठ कधी फिरवली नव्हती.

महँगा म्हणजे जबलपूरचा तो कॉलेजातला पोरगा. मागच्या महिन्यात मामाकडे आला होता तेव्हा दोन दिवस येऊन खेळून गेला. बकारामपेक्षा दोन बोटं कमी, पण उडी मारली की चार बोटं जास्त. दोन्ही हातांनी फेकणारा, उलटा वळणारा, मनगटाला पट्टी बांधणारा. त्याला मिलच्या कचेरीत नोकरी हवी, राहायला खोली हवी. सेठ द्यायला तयार होते, एकाच अटीवर, की संघाच्या नावानं मिलमध्ये उंच माणूस एकच राहील. त्या पोरानं सरावात पडलेल्या गड्याला सहज ओलांडलं होतं, एकदा नाही, तीनदा, आणि ते पाहताना जीवनलालला मोकळं वाटलं होतं, कुणीतरी आपल्याला माफ केल्यासारखं. तेव्हा त्याला ते नवलाचं वाटलं नाही. आज शाळेत तिसरीच्या पोरांना पाढे म्हणायला लावून तो टेबलाशी बसला, आणि तीच गोष्ट काट्यासारखी वर आली. माफ कशाबद्दल?

पाढे चालू राहिले. बारा सक बहात्तर. कुडव्याचं लहानपणीचं घर, शेणानं सारवलेलं अंगण, चिंचेची सावली अर्ध्यावर. तो बारा वर्षांचा, गुणवंता आठाचा. गुणवंता त्याचा धाकटा भाऊ, पोट फुगलेला, हातपाय काड्यांसारखे, सदा कुठेतरी आडवा पडलेला. त्या दिवशी जीवनलालनं त्याला मुद्दाम ओलांडलं होतं, चिडवायला, कारण तो काहीही केलं तरी हसत असे आणि त्या हसण्याचा कंटाळा आला होता. गुणवंता हसला नाही. "उलटा जा," तो म्हणाला. बाहेरून पोरं हाका मारत होती. "थांब, येतोच," असं म्हणून जीवनलाल पळाला. तलावावर पोहणं झालं, शिंगाडे झाले, मग कुणाच्या तरी खाचरात मासे झाले. दिवे लागायच्या वेळी तो परत आला, तर गुणवंता तिथंच होता. त्याच जागी, तसाच उताणा, चिंचेची सावली केव्हाच निघून गेली होती. उठलं तर ते कायमचं बसेल म्हणून तो उठला नव्हता. मायनं उचलायला पाहिलं तेव्हा तो रडून ओरडला होता, हे मागाहून कळलं. "आता उलटा जा, दादा." जीवनलालला भूक लागली होती, पाय चिखलानं माखले होते, आणि दिवसभर कुणी आपली वाट पाहत पडून राहिलं याची त्याला अशी शरम वाटली, की ती रागासारखीच होती. "ऊठ, काही होत नाही," तो म्हणाला आणि आत गेला. पुढच्या पावसाळ्यात हिवतापात गुणवंता गेला. नऊ वर्षांचा होता, आणि तिरडीवर सहा वर्षांच्या पोराएवढा दिसत होता.

हिवताप डासांनी येतो. प्लीहा वाढलेली असते, त्यानं पोट फुगतं, वाढ थांबते. एकही गोष्ट त्याच्या पायामुळे झाली नव्हती. जीवनलालला हे पूर्ण माहीत होतं, आणि दरवर्षी फळ्यावर तो ते इतक्या जोरात लिहीत होता की खडू मोडे. मग बकारामच्या वळशाचा आपल्याला एवढा राग का आला? तो आता स्वतःला असा प्रश्न विचारत बसला की पोरं पाढे संपवून गप्प झाली तरी त्याच्या लक्षात आलं नाही. वहीतल्या दोन्ही बाजू बरोबरीच्या होत्या. वजन पडत होतं ते त्या एका वळशाचं. आणि जो वळसा त्यानं स्वतः कधी घातला नाही, तो घालणारा माणूस रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर नको, एवढ्यासाठी तो एका गुडघ्याला पोत्याखाली पाठवायला निघाला होता. की हेही खोटं? संघ हरला तर आठ वर्षांचं मैदान जाईल, दहा पोरांची संध्याकाळ जाईल. बकारामबद्दल वाईट वाटतं म्हणून ते घालवायचं का? मन एकदा इकडे जाई, एकदा तिकडे, आणि दोन्हीकडे त्याला आपलीच लबाडी दिसत होती. दुपारी त्यानं डबा उघडला आणि तसाच मिटला. तासभर त्यानं बकारामला सांगायचे शब्द जुळवले, चांगले, न लागणारे. आणि ते जुळले तेव्हा त्याला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी मैदानावर सेठ खुर्ची टाकून बसले होते. मिलच्या चिमणीचा धूर सरळ वर चालला होता, उकडत्या धानाचा वास पसरला होता. बकाराम काट्यावरून थेट आला, भुवयांवर कोंडा घेऊन. त्याला काहीतरी कळलं असावं, कारण आल्या आल्या त्यानं सगळ्यांच्या आधी मैदानाला झाडू मारला. ते झाडणं जीवनलालला बघवेना. जे काय ते खेळानंच ठरू दे, असं त्यानं मनाशी म्हटलं, आणि डोमनलालला रिंगखाली उताणा झोपवलं. दुसऱ्यानं चेंडू फेकायचा, बकारामनं झेलायचा, ओलांडून टाकायचा. बकारामनं झेलला, आणि डोमनलालच्या पायांकडून वळसा घालून टाकला. पुन्हा. पुन्हा वळसा. सेठनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. डोमनलाल वैतागून उठला, पाठीचा मुरूम झटकायला लागला, म्हणाला, मास्तर, आता पुरे.

जीवनलालनं शिट्टी त्याच्या हातात दिली आणि तो स्वतः रिंगखाली जाऊन आडवा झाला.

"मी छत्तीस वर्षांचा आहे," तो आडव्यानंच म्हणाला. "जेवढा वाढायचा तेवढा वाढलो. माझं काही खुंटत नाही. ओलांड."

मुरूम पाठीला टोचत होता. खालून सगळं निराळंच दिसत होतं: रिंग फार वर, फळी काळी, माणसं नुसते पाय. असं दिवसभर पडून राहिलं की काय काय दिसत असेल, हा विचार त्याच्या मनात आला आणि गेला नाही. बकाराम उभाच होता. "तुमी मास्तर आहात जी," तो कुणाला तरी समजावल्यासारखा म्हणाला. जीवनलालनं डोळे मिटले नाहीत. डोमनलालनं चेंडू फेकला, वर थाप वाजली, एक क्षण काही झालं नाही, आणि मग टायरचा तळवा लावलेला तो प्रचंड जोडा त्याच्या छातीवरून आभाळ झाकत पलीकडे गेला. फळी दणाणली. चेंडू रिंगमधून खाली पडला, त्याच्या कानाजवळ टप्पा खाऊन गेला. सगळे ओरडले. "अब आयी बात," असं सेठ म्हणाल्याचं ऐकू आलं. डोमनलालनं चेंडू उचलून तसाच सराव पुढे चालवला, सगळे पलीकडच्या खांबाकडे धावले, आणि जीवनलाल हात टेकून उठायला लागला.

"उठू नोका जी."

बकाराम धावला नव्हता. तो मागे वळला होता. पलीकडे चेंडू बकारामनं राखायच्या रिंगमध्ये कुणीही न अडवता पडत होता, डोमनलाल त्याच्या नावानं बोंबलत होता, आणि तो इथं रिंगखाली पावलं जुळवून, कुठून आलो होतो ते नीट पाहून, दुखरा गुडघा हातानं उचलून धरत, आला त्याच वाटेनं जीवनलालवरून परत जात होता. पाय मधे थरथरला. अंगाला लागू नये म्हणून त्यानं तो आणखी वर घेतला. मग पलीकडे टेकला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

"परत कायले आला?" जीवनलालनं खालूनच विचारलं.

"उतरवा लागते ना जी," बकाराम म्हणाला. "कोनाचं काय, आपल्याले का मालूम?"

जीवनलाल उठला नाही. त्याला रडू आलं होतं, आणि ते दिसू नये म्हणून तो आभाळाकडे बघत तसाच पडून राहिला. चोवीस वर्षं कुणी परत आलं नव्हतं. सामन्यात माणूस किती वेळा पडतो, चारदा, पाचदा. दर खेपेला हा असा परत फिरेल, दर खेपेला दोन गुण. हा हिशेब त्याच्या डोक्यात तशाही स्थितीत चोख होत होता, आणि तो चुकीचा नव्हता. मग तो उठला, पाठ न झटकता सेठच्या खुर्चीपाशी गेला आणि म्हणाला, हा राहील. सेठनी त्याच्याकडे नीट पाहिलं. सोच लिया? सोच लिया, जीवनलाल म्हणाला. हा मागे फिरेल तेव्हा डोमनलालनं पुढे धावायचं नाही, याची जागा धरायची, तेवढं मी बसवून घेतो. मागे येऊन उभ्या राहिलेल्या डोमनलालचं तोंड उतरलं.

"और हार गये तो?"

"तो धान सुखाइए, सेठजी."

सेठ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी घड्याळ खिशात टाकलं आणि उद्या जबलपूरला 'नाही' म्हणून कळवतो, एवढं म्हणून ते कचेरीकडे गेले. बकारामला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तो वाकून रिंगखालचा मुरूम, जिथं मास्तर पडले होते तिथला, पायानं सारखा करत होता.

घरी दिवा लागला होता. प्रेमिला दारात बसून पाटीवर चिंचोके मांडत होती. शामकलानं चुलीपासून मान वळवून पाहिलं, त्याच्या सदऱ्याला मागून मुरूम लागला होता. जीवनलाल अंगणातच थांबला. त्यानं पोरीला सांगितलं, सकाळी निजली होतीस ना, तशीच नीज बरं जरा, उंबऱ्याला आडवी. तिला हा खेळच वाटला. चिंचोके बाजूला सारून ती आडवी झाली, डोळे घट्ट मिटून, हसू दाबून. त्यानं जोडे काढले. कुठल्या अंगणात आपण उभे आहोत हे त्याला क्षणभर उमगेना.

"उठू का बाबा?"

"थांब," तो म्हणाला. "आलो."